दोन उतारू

मूल सोडून पोंभुर्ण्याची वाट धरली तेव्हा माझ्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे, एक घोंगडी आणि एका जर्मन पाणबुडीविषयी वर्षभर जमवलेल्या टिपणांची वही, एवढाच ऐवज होता. आणि या तीन वस्तूंपैकी तिसरीचे या मुलखात काय काम, असे कोणी हटकले असते तर मला धड उत्तर देता आले नसते. डिसेंबर सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या रित्या झालेल्या, कापलेल्या धानाची पुंजणी रचून ठेवलेली, आणि ज्या बांध्यांत अद्याप ओल होती त्यांत पेरलेल्या लाखोळीचा कोवळा हिरवा रंग धसकटांमधून वर येऊ लागलेला. मधूनच साग आणि ऐन यांचे जंगल रस्त्यालगत येई, बांबूची बेटे गाडीच्या टपाला घासत, आणि पुन्हा सारे मागे सरून मोकळे शिवार उघडे पडे. समुद्राची आठवण व्हावी असे एकही चिन्ह दृष्टीच्या टप्प्यात नव्हते.

परंतु नदी होती. ताडोब्याच्या अरण्यातून उतरणारी अंधारी या तालुक्याच्या अंगाने वैनगंगेला मिळते. वैनगंगा खाली वर्धेला भेटून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत आपले नाव सोडते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे पोंभुर्ण्याच्या बांधीतून निथळलेले पाणी, वाटेत कोणी अडवले नाही तर, सागरापर्यंत पोचण्याचा आपला हक्क शाबूत ठेवून असते. शाळेत असताना भूगोलाच्या मास्तरांनी नकाशावर छडी फिरवून हा प्रवास दाखविला होता, आणि त्या छडीचे टोक निळ्या रंगावर टेकले की वर्गातली जंगलपट्टीची पोरे उगीचच सुस्कारा सोडीत, हे मला अजून आठवते.

पोंभुर्णा हे तालुक्याचे गाव असले तरी त्याचा तोंडवळा अद्याप खेड्याचाच आहे. तहसील कचेरी, चहाची दोन-चार दुकाने, कचेरीपुढे दाखल्यासाठी उकिडवे बसलेले खातेदार, आणि बाजाराच्या कडेला सुपे-टोपल्या मांडून बसलेल्या बुरूड बाया. येताना चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात तास-दीड तास रेंगाळलो होतो. तेथे विकत घेतलेले हातभर लांबीचे बांबूचे पोकळ कांडे घोंगडीच्या वळकटीत खोचलेले होते. या कांड्याचा पुढे उपयोग होणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

आता वहीतल्या पाणबुडीकडे वळण्यापूर्वी या जिल्ह्याचे तिच्याशी असलेले नाते सांगितले पाहिजे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, याच जिल्ह्यातल्या चिमूर गावाने इंग्रजी सत्ता झुगारून दिली. गोळीबार झाला, सरकारी अंमलदार मारले गेले, आणि त्यानंतर गोऱ्या फौजेने गावात जे केले त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस अन्न वर्ज्य केले. तो उपवास १२ जानेवारी १९४३ रोजी सुटला. चिमूर स्वतंत्र झाल्याची वार्ता सुभाषबाबूंनी बर्लिनच्या रेडिओवरून जगाला ऐकविली, असे या भागातले म्हातारे आजही आवर्जून सांगतात. ते सांगताना त्यांच्या मुद्रेवर जे तेज येते ते पाहिल्यावर त्या कथनाचा दस्तऐवज मागण्याचे धारिष्ट मला कधी झाले नाही. सुभाषबाबू आणि गांधीजी यांची अखेरची भेटही येथून फार दूर नव्हे, सेवाग्रामलाच झाली, जून १९४० मध्ये. पुढच्या जानेवारीत सुभाषबाबू कलकत्त्याच्या नजरकैदेतून निसटले आणि काबूलच्या मार्गाने एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. भन्साळींचा उपवास सुटून महिना होतो न होतो तोच, ९ फेब्रुवारी १९४३ रोजी, कील बंदरातून एक पाणबुडी त्यांना घेऊन निघाली. आणि दुसऱ्याच दिवशी, १० फेब्रुवारीस, पुण्याला आगाखान महालातल्या बंदिवासात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. एक पुरुष अन्नाविना, दुसरा आकाशाविना. दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते हे खरे. तरी या दोन तारखा माझ्या वहीत एकाखाली एक लिहिल्या गेल्या तेव्हा मी बराच वेळ पुढे काही लिहू शकलो नाही.

त्या पाणबुडीस नाव नव्हते, नंबर होता : यू-१८०. ब्रेमेनच्या गोदीत बांधलेली ही नौका १६ मे १९४२ रोजी जर्मन आरमारात रुजू झाली. तिच्या जातीच्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या, कारण त्यांच्यावर करून पाहिलेला प्रयोग फसला. दूर पल्ल्याच्या या नौकांत पृष्ठभागावर अधिक वेग यावा म्हणून त्वरित हल्ल्याच्या छोट्या टॉर्पेडो-होड्यांची सहा इंजिने बसविण्यात आली होती; वेग आला, परंतु इंजिने भयंकर तापत आणि धुराचा असा लोट सोडीत की ज्या नौकेचे सारे सामर्थ्य लपण्यात, तिचा पत्ता क्षितिजावर लागावा. कप्तान वेर्नर मुझेनबर्ग यांच्या हुकमतीखाली ती पहिल्या सफरीस निघाली तेव्हा खलाशांना एवढेच सांगितलेले होते, की हे दोन गृहस्थ नॉर्वेत पाणबुड्यांचे तळ बांधण्यासाठी जाणारे इंजिनिअर आहेत. ते दोन गृहस्थ म्हणजे सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे चिटणीस, हैदराबादचे आबिद हसन. आदल्याच दिवशी, ८ फेब्रुवारीस, सुभाषबाबूंनी बंधू शरदबाबूंच्या नावे पत्र लिहून आपल्या पत्नीची आणि अडीच महिन्यांच्या कन्येची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली होती.

पाणबुडीच्या पोटात राहणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना मला आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी बल्लारशाहून गाडीने विशाखापट्टणला गेलो होतो. तेथे समुद्रकिनाऱ्यावर आपल्या आरमाराची निवृत्त ‘कुरसुरा’ ही पाणबुडी लोकांना पाहण्यासाठी ओढून ठेविली आहे, आणि लांबीने ती यू-१८० पेक्षा काही पावलेच मोठी. तीमध्ये शिरताना वाटोळ्या दारातून आधी पाय, मग मस्तक, असे काटकसरीने आत घ्यावे लागते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून श्वास रोखावा तेव्हा दुसऱ्याने जावे. माझ्यामागे एक लठ्ठसे गृहस्थ होते, त्यांनी मधल्या दारापर्यंत येऊन, “आपल्याला नको बुवा,” म्हणून सरळ माघार घेतली. अशा नळकांड्यात सुमारे अकरा आठवडे! हसन यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत डिझेलच्या वासाचे वर्णन आहे : पावाला डिझेल, पांघरुणाला डिझेल. कोठारात त्यांना कोठेसे तांदूळ आणि डाळ सापडली आणि त्यांनी खिचडी शिजविली, तर सुभाषबाबू जर्मन अंमलदारांनाही ती खाण्याचा आग्रह करीत. साठा लवकर संपणार या चिंतेने चिटणीस बिचारा कासावीस. बाकीचा वेळ ग्रंथाची सुधारणा, भाषणांचे मसुदे, आणि मजकूर सांगणे व उतरून घेणे. १८ एप्रिलला याच नौकेने ‘कॉर्बिस’ नावाचे इंग्रजी तेलवाहू जहाज बुडविले. त्यावरचे बहुतेक खलाशी मेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैनगंगेच्या घाटावर गेलो. पावसाळ्यात अर्धा कोस पसरणारी ही नदी या दिवसांत वाळूचे विस्तीर्ण पात्र उघडे टाकून मधल्या धारेपुरती उरते, तरी ती धार खोल असते. पैलतीरी चामोर्शीचा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचा, मुलूख. घाटावर एक ढिवर म्हातारा डोंग्यातले पाणी डालड्याच्या डब्याने उपसत बसला होता. डोंगा म्हणजे पूर्वी एकाच खोडाचा कोरलेला. याचा मात्र पत्र्याचा होता आणि सांध्यांना डांबर थापलेले. शेजारी दोन डोंगे फळ्या टाकून एकमेकांस जखडलेले होते, त्यावर एक मोटारसायकल दोरीने बांधलेली, आणि तिचा धनी सीटवर ऐटीत बसून पाणी ओलांडण्याच्या तयारीत. मी वहीत काही खरडतो आहे असे पाहून म्हाताऱ्याने विचारले, “का लिहून राह्यले जी?”

“पाणबुडीची हकीकत, बाबाजी. पाण्याखालून चालणारी बोट. सुभाषबाबू तिच्यातून गेले होते.”

“नेताजी? पान्याखालून?” डबा थांबला. “मंग दम कसा घेत होते जी?”

पन्नास पुस्तके वाचून जो प्रश्न मला प्रथम पडावयास हवा होता, तो या मनुष्याने एका क्षणात काढला. अर्थात त्याचा जन्म पाण्यात बुड्या मारण्यात गेलेला. मी सांगितले, की त्या काळची पाणबुडी ही वस्तुतः बुडी मारू शकणारी होडीच होती. रात्री पाण्यावर येऊन इंजिने चालवायची, ताजी हवा आत घ्यायची, विजेच्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि दिवसा त्या विजेवर पाण्याखाली सावकाश सरकत राहायचे. “मनजे मगरीवानी,” तो म्हणाला, आणि पुन्हा उपसू लागला.

डोंग्यात आम्ही चौघे बसलो : दोन बायका, त्यांची एक पोर, आणि मी. धार जरा ओढीची होती, म्हणून त्याने पुढच्या उथळ जागेपर्यंत डोंगा वर चढविला, आणि तेवढ्या वेळात मी त्याला मुख्य प्रसंग सांगितला. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या समुद्रात यू-१८० आणि जपानी आरमाराची आय-२९ या दोन पाणबुड्यांची ठरल्याप्रमाणे गाठ पडली. परंतु समुद्र असा खवळलेला, की दोन लोखंडी नौका एकमेकींस लावल्या तर दोघींचाही चुरा व्हावा. दोन दिवस त्या एकमेकींच्या नजरेत राहून समांतर चालत राहिल्या. २८ एप्रिलला मधे दोर बांधून, रबराच्या तराफ्यावरून, सुभाषबाबू आणि हसन हे दोघे ओलेचिंब होऊन पलीकडे गेले. दोन वेगळ्या राष्ट्रांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात अशा रीतीने नागरी उतारूंची अदलाबदल साऱ्या महायुद्धात एवढीच झाली, असे सांगतात. जपान्यांकडून दोन आरमारी अधिकारी जर्मन नौकेवर आले. आणि त्यांच्याबरोबर बर्लिनमधील जपानी वकिलातीसाठी दोन टन सोने.

“दोन टन!” मागल्या बाईने पदराआडून उद्गार काढला. म्हाताऱ्याने बांबू रोवला, डोंगा क्षणभर थोपवून धरला, आणि गंभीरपणे म्हणाला, “एका उतारूचं लय भाडं झालं.” ते भाडे नव्हते हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला, सुभाषबाबूंनी जर्मनांकडून घेतलेली मदतही दान म्हणून नव्हे तर स्वतंत्र भारताने फेडायचे कर्ज म्हणून घेतली होती, हेही सांगितले. माझे सारे स्पष्टीकरण त्याने शांतपणे ऐकून घेतले. हिशेब मात्र त्याने आपलाच कायम ठेवला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, आणि ती येथे लिहिताना माझी लेखणी अडखळते. ज्या आय-२९ ने सुभाषबाबूंना उचलून मे महिन्यात सुमात्राजवळच्या सबांगला सुखरूप उतरविले, तिनेच पाच महिन्यांपूर्वी, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून आफ्रिकेला निघालेले ‘तिलावा’ हे उतारूंचे जहाज दोन टॉर्पेडो मारून बुडविले होते. जहाजावर ९५८ माणसे, बहुतेक हिंदी. पैकी २८० समुद्रात गेली. उरलेल्यांना एका इंग्रजी युद्धनौकेने २७ नोव्हेंबरला पुन्हा मुंबईच्याच धक्क्यावर आणून सोडले. कप्तानही तोच, इझू. तराफ्यावरून चढणाऱ्या पाहुण्यास ज्या हाताने वर ओढून घेतले तो हात आणि टॉर्पेडो सोडण्याचा हुकूम देणारा हात, या दोहोंना वेगळे काढण्याची युक्ती इतिहासाजवळ असेल, माझ्याजवळ नाही. तिलावाची गोष्ट मराठी वाचकाला जवळजवळ ठाऊक नाही, आणि तराफ्याची गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे, यात काही अन्याय झाला आहे एवढे मात्र मला वाटत राहते.

“मंग त्या पहिल्या बोटीचं का झालं?” म्हाताऱ्यानेच मला पुन्हा वाटेवर आणले. उतारू उतरला की पुढे होडीचे काय झाले हे विचारणारा, इतक्या वर्षांत मला भेटलेला, हा पहिलाच मनुष्य. आणि तो होडीवाला असावा, यात नवल ते काय?

यू-१८० परतीच्या वाटेवर ३ जूनला ‘बोरिस’ हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवून जुलैच्या आरंभी फ्रान्समधल्या बोर्दोला पोचली. तिची धूर ओकणारी सहाही इंजिने काढून टाकण्यात आली. तिचे हल्ल्याचे दिवस संपले, आणि दूरच्या पूर्वेकडे माल नेणारी हमाल-नौका म्हणून तिचे रूपांतर करण्यात आले. दोन जहाजे, दोन हिंदी उतारू, दोन जपानी अधिकारी, एवढाच तिच्या कारकिर्दीचा जमाखर्च. २० ऑगस्ट १९४४ रोजी, पॅरिस जर्मनांच्या हातून जाण्यास पाच दिवस उरले असता, रोल्फ रीझेन या नव्या कप्तानासह ती बोर्दोहून पूर्वेकडे जाण्यास निघाली, आणि बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली. २३ तारखेच्या सुमारास. ५६ माणसे होती. एकही उरला नाही. तिच्याच जातीची दुसरी, यू-१९५, त्याच दिवसांत निघून सुखरूप जावा बेटास पोचली, हे दैवाचे आणखी एक लहरीपण. यू-१८० ला शत्रूने बुडविल्याचा दाखला कोठेच नाही. पुष्कळ वर्षे मानत, की ती सुरुंगावर गेली. पुढे अभ्यासकांनी दुसरा संशय बोलून दाखविला, आणि तो श्वासाचा आहे.

येथे मी घोंगडीतले बांबूचे कांडे बाहेर काढले. युद्धाच्या शेवटी शेवटी विमाने इतकी झाली, की रात्रीही पाण्यावर येणे जिवावर बेतू लागले. तेव्हा जर्मनांनी पाणबुड्यांना एक उंच नळी बसविली. नौका पाण्याखाली, केवळ नळीचे तोंड वर. त्यातून हवा आत, इंजिन चालू. “असं,” म्हणून मी कांडे पाण्यात उभे धरले. नळीच्या तोंडाशी झडप असे; लाट आली की ती मिटे, म्हणजे पाणी आत येऊ नये. परंतु झडप मिटली तरी इंजिन थांबत नाही. त्याला हवा लागतेच, आणि मग ते नौकेच्या पोटातलीच हवा ओढू लागते. खलाशांचे कान फुटायची वेळ येई, डोळे बाहेर येत. आणि झडप अडकून राहिली, किंवा उलट मिटलीच नाही, तर पुढचे सांगायला कोणी उरत नसे. मी बोलत असतानाच डोंग्याची एक बारकी लाट कांड्यावर चढली आणि त्यातून बुडबुड आवाज करीत पाणी आत गेले. ती लहान पोर खदखदून हसली. म्हाताऱ्याने कांड्याकडे एकवार पाहिले. “लहानपनी आमी बी करत होतो,” तो म्हणाला, “तलावात, कमळाच्या देठानं. एक पोरगा गेला होता त्यात.”

त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. या धारेवर होड्या बुडणे नवे नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शीकडल्या गणपूरच्या मजूर बायका मिरची तोडण्यासाठी याच नदीतून अलीकडे येत असता त्यांची नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. डोंग्यातल्या दोघी बायका त्याच कामाच्या, फक्त उलट दिशेने निघालेल्या. त्यांनी तो विषय काढला नाही. एकीने पोरीचा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता, तो काठ लागेपर्यंत सोडला नाही.

पैलतीर आला. वाळूत उतरताना माझा पाय घोट्यापर्यंत रुतला, वहाण तेथेच राहिली, आणि ती काढण्याच्या खटपटीत वही पाण्यात पडता पडता वाचली. भाडे दहा रुपये. मी वीस पुढे केले, त्याने दहा परत दिले. निरोप घेताना माझ्या तोंडून सहज प्रश्न गेला, डोंग्याचे नाव काय?

“डोंग्याले नाव कायचं जी?” तो हसला. “एक नंबर टाकला होता मागं, रंगानं. धुऊन गेला.”

अलीकडच्या काठावर डोक्यावर गाठोडी घेतलेल्या चार-पाच बाया हाका मारीत होत्या. त्याने डब्याने दोन वेळा पाणी उपसले, बांबू वाळूत रोवून डोंगा मागे लोटला, आणि त्यांना आणावयास निघून गेला.